मासा होता तिथेच होता

पावसाची मोठी सर ओसरली की उतारावरच्या ओल्या मातीत बारीक बारीक ओघळ उमटतात. लहानपणी मला ते बघत बसायचा नाद होता. एकदा असे दोन ओघळ शेजारून वाहत होते. एक खोल, घाईत असलेला. दुसरा उथळ, रमतगमत निघालेला. मध्ये बोटभर रुंदीची मातीची पाळ. उथळ ओघळातून एक वाळकं पान तरंगत येत होतं आणि पानावर एक मुंगळा होता. खोल ओघळ आपल्या वरच्या टोकाची माती ढासळवत हळूहळू पाळीकडे सरकत होता. मला धीर निघेना. मी टाचेने पाळ जराशी उकरली. उथळ ओघळ तिथे वळला आणि सगळाच्या सगळा खोल ओघळात जाऊन पडला. त्याच्या मागोमाग पानही वळलं. मुंगळा होता तिथेच, पानाच्या शिरेला धरून. त्याने एक पाऊलही टाकलं नव्हतं आणि तरी तो दुसऱ्याच ओघळात होता.

वडील मागे उभे होते. म्हणाले, "नदी चोरलीस की रे!"

मला ती चेष्टा वाटली. पुढे भूगोलाच्या पुस्तकात 'नदीचौर्य' हा शब्द भेटला तेव्हा हसू आलं. एखादी नदी उगमाच्या बाजूला झीज करत मागे सरकते, मधला जलविभाजक फोडते आणि पलीकडच्या नदीचा वरचा भाग आपल्याकडे ओढून घेते. परीक्षेत याची आकृती काढून मी मार्क मिळवले. त्या चोरीच्या पाण्यात मासे असतील, त्यांचं पुढे काय झालं असेल, हे पुस्तकाने विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. ते सुचायला बरीच वर्षं जावी लागली.

हल्ली मला एक छंद लागलाय. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि फक्त नद्या गिरवायच्या. सीमा नकोत, रस्ते नकोत, गावं नकोत. निळी पेन्सिल मुखापासून वर न्यायची, प्रत्येक फाट्याला थांबून आधी एक फांदी पुरी करायची, मग दुसरी. कागद उचलला की निष्पर्ण झाडांची दाटी दिसते. एका झाडाचे शेंडे दुसऱ्या झाडाच्या शेंड्यांना भिडायला येतात, पण भिडत नाहीत. मध्ये दोनेक मिलिमीटर कोरा कागद उरतो. तो पट्टा एखादी घार सहज पार करेल. माणूस सकाळी निघाला तर दुपारपर्यंत पलीकडे उतरेल. माशाला मात्र पार खाली मुखापर्यंत जावं लागेल, समुद्रात शिरावं लागेल, किनाऱ्याने पोहत दुसऱ्या नदीचं मुख शोधावं लागेल आणि मग पुन्हा वर चढावं लागेल. बहुतेकांना ते खारं पाणीच सोसत नाही. जॉर्ज मायर्स या अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये गोड्या पाण्यातल्या माशांची वर्गवारी मांडली तीच मुळी या सोसण्यावर: खारं पाणी जवळजवळ न चालणारे, थोडंफार चालणारे आणि समुद्राशी येणंजाणं ठेवून असलेले. यातल्या पहिल्या गटाला माझ्या कागदावरचे ते दोन मिलिमीटर जन्मात पार होणारे नाहीत.

पृथ्वीवरच्या एकूण पाण्यात नद्या आणि तळी यांचा वाटा ०.०१ टक्क्याच्या आसपास. माशांच्या माहीत असलेल्या जातींपैकी निम्म्या, म्हणजे १८ हजारांहून जास्त, या चिमूटभर पाण्यात राहतात. याचं एक मोठं कारण ते कोरे पट्टेच. समुद्र सलग आहे. गोडं पाणी तुकड्यातुकड्यांत वाटलेलं आहे आणि एकेका तुकड्यात अडकलेलं कुळ आपापल्या चालीने बदलत जातं.

म्हणून डोंगराच्या दोन्ही अंगांना एकच मासा सापडला की आपण चक्रावतो आणि विचारतो, हा पलीकडे गेला कसा? मला आता वाटतं की प्रश्नातला कर्ताच चुकलाय.

अमेरिकेतल्या यलोस्टोन सरोवराचं उदाहरण घ्या. सरोवरातून निघालेली नदी पुढे दोन कड्यांवरून कोसळते. वरचा धबधबा ३३ मीटरचा, खालचा ९४ मीटरचा. खालून पोहत वर यायची कुठल्याच माशाची टाप नाही. तरीही सरोवरात कटथ्रोट ट्राउट मूळचा आहे. त्यात आणखी गंमत अशी की या माशाचे भाऊबंद पॅसिफिकला मिळणाऱ्या स्नेक नदीत आहेत आणि सरोवराचं पाणी तर मिसुरी-मिसिसिपीतून थेट उलट्या दिशेला जातं. मग हा आला कुठून? १८९१ मध्ये बार्टन एव्हरमन हे अभ्यासक सरोवराच्या वरच्या अंगाला असलेल्या टू ओशन पास या खिंडीत गेले. खिंड म्हटल्यावर डोळ्यापुढे सुळके येतात. ही खिंड म्हणजे सपाट, ओलं कुरण आहे. डोंगरातून उतरलेला एक ओढा तिथे दोन फांद्यांत फुटतो. एकीचं नाव अटलांटिक क्रीक, दुसरीचं पॅसिफिक क्रीक, आणि दोन्ही नावं अगदी खरी आहेत. ट्राउट एका फांदीतून वर आला, दुसरीतून खाली उतरला. अख्ख्या खंडाची पाठ त्याने ओलांडली, तीही पाण्यातून अंग बाहेर न काढता.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर तर याहून मजेदार प्रकार आहे. तिथली नेव्हिस नदी आज उत्तरेला वाहते आणि क्लूथा नदीच्या खोऱ्यात जाते. तिच्यात गॅलॅक्सिआस कुळातले बारके, बिनखवल्यांचे मासे आहेत. त्यांचे जनुक तपासल्यावर लक्षात आलं की क्लूथातल्या शेजाऱ्यांपेक्षा त्यांचं नातं दक्षिणेकडच्या मातॉरा खोऱ्यातल्या माशांशी जवळचं आहे. भूवैज्ञानिकांना आधीपासून शंका होतीच. ही नदी पूर्वी दक्षिणेला वाहायची. मध्ये जमीन उचलली गेली आणि काही लाख वर्षांपूर्वी नदीने तोंड फिरवलं. पाणी नव्या वाटेला लागलं, पण मासे जुनं गोत्र अंगात घेऊन तिथेच राहिले. माझ्या मुंगळ्याची गोष्ट इतक्या तंतोतंत कुठे घडली असेल असं वाटलं नव्हतं.

अशीच एक गोष्ट दातांची आहे. तांबाकी नावाचा मोठा मासा अॅमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांत राहतो. पुरात बुडालेल्या जंगलात शिरून झाडांवरून पडलेली फळं आणि कठीण बिया फोडून खातो. त्याचे दात बघितले तर क्षणभर आपल्याच दाढा आठवतात. कोलंबियात माग्दालेना नदीच्या खोऱ्यात ला व्हेंता नावाचं जीवाश्मांचं ठिकाण आहे. तिथल्या सव्वा कोट वर्षांपेक्षा जुन्या थरांत या माशाचे दात सापडले. अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञ जॉन लुंडबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ते आजच्या तांबाकीशी ताडून पाहिले. फरक करता येईना. आणि आजच्या माग्दालेनात तांबाकी मूळचा नाही. त्या काळी अँडीजची पूर्वेकडची रांग एवढी उठलेली नव्हती, दोन्हीकडचं पाणी आणि मासे एकमेकांत होते. मग रांग उठली. पूर्वेच्या अफाट खोऱ्यात माशाचं बस्तान टिकलं, पश्चिमेच्या चिंचोळ्या खोऱ्यात ते कधीतरी संपलं. मला यात एक गोष्ट फार खटकते. मासा एवढा काळ तसाच राहिला, दाताची धारसुद्धा बदलली नाही. बदलला तो त्याच्या शेजारचा डोंगर.

इथवर वाचून वाटेल की हा सगळा पर्वत उठण्याचा, नद्या उलटण्याचा, धडाकेबाज मामला आहे. मलाही तसंच वाटायचं. मग ग्रीनफिन डार्टर वाचनात आला.

हा बोटभर लांबीचा मासा. नराच्या परांवर हिरवी झाक. राहतो अॅपलेशियन पर्वतात, टेनेसी नदीच्या वरच्या खोऱ्यात. हे डोंगर म्हातारे आहेत. इथे कोट्यवधी वर्षांत नवा पर्वत उठलेला नाही, हिमयुगातला बर्फही या दक्षिण टोकापर्यंत पोचला नव्हता. अशा निवांत भूमीत माशांच्या एवढ्या जाती का, हे कोडं जुनं. माया स्टोक्स आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये त्याचं एक उत्तर 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. ग्रीनफिन डार्टर फक्त रूपांतरित खडकावरून वाहणाऱ्या प्रवाहात राहतो. तिथे पात्रात मोठाले धोंडे असतात, पाणी नितळ आणि वेगाचं असतं. त्याच खोऱ्यात रूपांतरित खडकाच्या खाली गाळाचा खडक आहे. नदी वर्षानुवर्षं खाली खाली चरत गेली, वरचा थर झिजला आणि मुख्य पात्रात गाळाचा खडक उघडा पडला. तिथे तळाला बारीक रेव आणि चिखल, पाण्याला गढूळपणा. जुना खडक उरला तो उपनद्यांच्या वरच्या भागात. तिथे अडकलेल्या डार्टरच्या टोळ्या एकमेकींपासून तुटल्या आणि त्यांचे जनुक वेगवेगळे होत गेले. मध्ये ना धबधबा ना डोंगर. पाणी वरपासून खालपर्यंत सलग आहे. तरी या माशासाठी नदीच्या तळाने दार लावून घेतलं.

हे पटलं, कारण याची छोटी आवृत्ती मी पाहिली होती. एका डोंगरी ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा राहून मी एक चपटा धोंडा उलटला होता. खालच्या अंगाला करंगळीएवढा मासा चिकटलेला. पोट सपाट, छातीचे आणि पोटाचे पर दोन्ही बाजूंना पंख्यासारखे पसरलेले. बोटाने हलकेच सोडवून तळहातावर घेतला तर तो तळहातालाही चिकटला. हात तिरका केला तरी घसरेना. त्याच्या अंगाखालची गार, ओढून धरणारी जागा मला नीट जाणवत होती. परत धोंड्यापाशी सोडला तर पाण्याच्या जोरातही तो सरळ दगडावर जाऊन बसला. मग मी वीसेक पावलं खाली गेलो, ओढा संथ होऊन वाळूत पसरतो तिथे. अर्धा तास शोधलं. या प्रकारचा एकही मासा नाही. वीस पावलं! पाणी तेच होतं, फक्त खाली धोंडा नव्हता.

अशाच धोंड्याला चिकटणाऱ्या माशांनी सुंदरलाल होरा यांना छळलं असणार. होरा पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. धबधबत्या ओढ्यांतले हे मासे ईशान्येकडच्या डोंगरांत आणि मलायाच्या बाजूला आहेत, तसे सह्याद्रीतही आहेत. मध्ये शेकडो मैल त्यांना न मानवणारा प्रदेश. १९४०च्या दशकात होरांनी 'सातपुडा सिद्धांत' मांडला. विंध्य-सातपुड्याची रांग कधीकाळी जास्त उंच आणि पूर्वेकडे सलग असावी, पावसाळी असावी आणि तिच्या ओढ्यांमधून, नदीचौर्याच्या एकेका पायरीने हे मासे पश्चिमेकडे सरकत आले असावेत. यावर नंतर पुष्कळ टीका झाली. सारख्या पाण्यात सारखे आकार स्वतंत्रपणेही घडू शकतात, आणि जनुकांवरून काढलेले काळ सगळ्या माशांना एकच वेळापत्रक लावू देत नाहीत. मला होरा आवडतात ते त्यांनी प्रश्न कसा धरला त्यासाठी. मासा इतक्या लांब गेला असं म्हणायचं, तर आधी त्याला चालायला डोंगर द्यायला हवा, हे त्यांनी ओळखलं होतं.

समुद्राची पातळी हाही असाच सरकता प्रकार. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, बर्फाचा जोर असताना, ती आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती. ट्रेसिंग पेपरवर मी एकदा सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्या गिरवल्या. त्या किनाऱ्यावर संपतात. मग खोली दाखवणाऱ्या नकाशावर कागद सरकवला आणि उथळ समुद्राच्या तळावरून पेन्सिल पुढे नेली. सुमात्राच्या पूर्वेच्या नद्या आणि बोर्निओच्या पश्चिमेच्या नद्या आज पाण्याखाली असलेल्या सपाटीवर एकमेकींना येऊन मिळाल्या. म्हणजे एकाच मोठ्या नदीच्या त्या उपनद्या होत्या. आज समुद्राने वेगळ्या केलेल्या या दोन किनाऱ्यांवर पुष्कळसे मासे एकसारखे का, हे पेन्सिलीनेच सांगून टाकलं. उलट सुलावेसी बेटाच्या अलीकडची सामुद्रधुनी एवढी खोल आहे की समुद्र उतरला तरी ती कोरडी पडली नाही. रोहूच्या कुळातला एकही मासा सुलावेसीत मूळचा नाही. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नद्याही अशाच एके काळी ऱ्हाइनच्या खोऱ्यात होत्या. बर्बट हा मासा त्या देशात फक्त पूर्वेच्याच नद्यांत सापडायचा.

अपवाद आहेत, ते लपवायला नकोत. मरळ हवेतून श्वास घेतो आणि ओल्या जमिनीवरून थोडं अंतर सरपटतो. वाम पावसाळी रात्री गवतातून निघते. पक्ष्यांच्या पायाला चिकटून माशांची अंडी तळ्यातळ्यांत जातात असं लोक पूर्वापार सांगत आले. त्याचा भक्कम पुरावा मात्र मिळत नव्हता. २०२० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी बदकांना कार्प माशाची अंडी खायला घालून विष्ठा तपासली, तर सुमारे ०.२ टक्के अंडी शाबूत बाहेर आली आणि काहींतून पिल्लंही निघाली. पायापेक्षा पोट कामाचं ठरलं. एक मादी लाखो अंडी घालते आणि बदकं काही कमी नाहीत, तेव्हा हा आकडा क्षुल्लक म्हणता येणार नाही. तरी धोंड्याखाली अंडी चिकटवणाऱ्या माशाच्या नशिबी बदक कुठून येणार?

आता आपल्याकडे येतो, म्हणजे माणसांकडे. जमिनीने लाखो वर्षांत केली ती दोन्ही कामं आपण शंभर-दीडशे वर्षांत उरकायला घेतली. तोडायचं काम आणि जोडायचं काम.

तोडण्याबद्दल सगळे बोलतात. यांगत्से नदीवर १९८१ मध्ये गेझोउबा धरणाने प्रवाह अडवला. चिनी पॅडलफिश अंडी घालायला वर जायचा, ती वाट बंद झाली. त्याआधी आणि नंतरही त्याची बेसुमार मासेमारी चालू होती. २००३ नंतर तो जिवंत कोणाला दिसलेला नाही, आणि २०२२ मध्ये तो अधिकृतपणे नामशेष ठरला. वल्ह्यासारखं लांब नाक घेऊन डायनासोरच्या काळापासून चालत आलेलं कूळ होतं ते. यावर काही बोलण्यासारखं उरत नाही.

पण तोडलेलं कधीकधी सांधता येतं. अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ मध्ये पाडली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वरच्या भागातल्या एका उपनदीत चिनूक सामन, म्हणजे समुद्रातून अंडी घालायला नदीत चढणारा मासा, दिसला. तिथे तो १९१२ नंतर पहिल्यांदा आला होता. शेवटचं धरण हटून तेव्हा फार तर काही आठवडे झाले होते. त्या माशाच्या कितीतरी पिढ्यांनी तो भाग पाहिलेला नव्हता. त्याला कोणी बोलावलं नाही, वाट दाखवली नाही. पाणी मोकळं झालं आणि तो वर गेला.

मला जास्त भीती वाटते ती जोडण्याची, आणि याबद्दल फार कोणी बोलत नाही. कालवा म्हटला की आपल्याला ते पुण्यकर्म वाटतं. शिकागो शहराचं सांडपाणी मिशिगन सरोवरात जायचं आणि पिण्याचं पाणीही तिथलंच. म्हणून १९०० मध्ये कालवा उघडून शिकागो नदीच उलटी फिरवली. सांडपाणी मिसिसिपीच्या बाजूला निघून गेलं. माझ्या कागदावरचा दोन मिलिमीटरचा कोरा पट्टा तिथे निळ्या रेघेने कायमचा पुसला गेला. १९७०च्या दशकात दक्षिणेकडच्या मत्स्यतळ्यांतून आशियाई कार्प निसटले आणि मिसिसिपीतून वर सरकू लागले. आता त्यांना सरोवरात शिरू न देण्यासाठी त्या कालव्यात विजेचा अडसर आहे. पाण्यात सतत वीज सोडलेली असते. पहिला अडसर २००२ मध्ये सुरू झाला. तोवर राउंड गोबी हा परदेशी मासा सरोवराकडून उलट्या दिशेने खाली उतरून गेलेलाही होता. डोंगराने फुकटात केलेलं काम आता बटण चालू ठेवून करावं लागतंय, आणि ते बटण कोणी कधी बंद करू शकेल असं दिसत नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी सोयीचं तेवढंच उचलतोय असं होईल. १९१४ मध्ये पनामा कालवा खुला झाला आणि अटलांटिककडची चाग्रेस नदी पॅसिफिककडच्या रिओ ग्रांदेशी जोडली गेली. नव्वद वर्षांनी, २००४ मध्ये, तिथल्या माशांचा हिशेब प्रसिद्ध झाला. दोन्हीकडचे मासे पलीकडे पोचले होते. दोन्ही नद्यांतल्या जातींची संख्या वाढली होती आणि पलीकडून आलेल्यांमुळे कुठली जात संपल्याचं आढळलं नाही. ही बातमी चांगलीच आहे. पण मी त्या दोन याद्या शेजारी ठेवून कल्पना करतो. दोन्ही लांबल्या, आणि लांबताना एकमेकींसारख्या होत गेल्या. पुढे कधी कोणी त्या पाण्यातल्या माशांचे जनुक तपासून जमिनीची गोष्ट वाचायला बसला तर त्याला नेव्हिससारखं काही हाती लागेल का?

त्या दिवशी वडिलांच्या बोलण्याने मी ओशाळलो होतो. चोरी हा शब्दच लागला. खाली बसून दोन्ही ओंजळींनी चिखल गोळा केला आणि ती पाळ पुन्हा थापली. जमलं की! उथळ ओघळ आधी जरा फुगला, घुटमळला आणि मग आपल्या जुन्या वाटेला लागला. मी उठून मुंगळ्याचं पान शोधायला खोल ओघळाच्या काठाने धावलो. पहिल्या वळणावर नव्हतं. दुसऱ्यावरही नव्हतं.